निठारी : न शोधणे हाही गुन्हाच



मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या वस्तीतली एक ताई माझ्या दारात येऊन उभी राहिली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. तिची पंधरा वर्षांची मुलगी दुपारी क्लासला म्हणून गेली होती, ती रात्रीचे नऊ वाजले तरी परतली नव्हती. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने रजिस्टरमधून मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, "फोनवर कुणाशी बोलत होती का?" दुसरे वाक्य, "गेली असेल कुणाबरोबर, येईल दोन दिवसांत. आधी नातेवाइकांकडे बघा." मी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा विषय काढला तेव्हा त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही कुठल्या संघटनेचे?"

रात्री दीड वाजता गुन्हा नोंदला गेला. मुलगी चौथ्या दिवशी सुखरूप सापडली. पण त्या रात्री रिक्षातून परत येताना ताईने एकच प्रश्न विचारला होता, "दादा, तुम्ही नसता तर त्यांनी लिहून घेतलं असतं का?"

या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले नाही. ते उत्तर इतिहासात आहे आणि त्या इतिहासाचे नाव निठारी आहे. आपल्यातल्या आज वीस-बावीस वर्षांच्या कार्यकर्त्यांना निठारी म्हटले की एक भयानक खुनी, एक बंगला आणि एक नाला एवढेच आठवते. कारण मीडियाने एवढेच दाखवले. मला आज त्या बंगल्याविषयी नाही, त्या बंगल्यापासून जवळच असलेल्या पोलीस चौकीविषयी लिहायचे आहे.

शहराच्या पोटातले गाव

आणीबाणीच्या काळात, एप्रिल १९७६ मध्ये, दिल्लीला लागून उत्तर प्रदेश सरकारने नोएडा हे औद्योगिक शहर वसवायला घेतले. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या, सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते आणि कोठ्या उभ्या राहिल्या. जुनी गावे मात्र सेक्टरांच्या मधोमध तशीच अडकून राहिली. निठारी हे त्यातलेच एक. सेक्टर ३१ च्या कोठ्या आणि निठारीच्या गल्ल्या यांच्यात अंतर काही पावलांचे.

या गल्ल्यांतल्या एकेका खोलीत बंगाल, बिहार, उत्तराखंड, पूर्व उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे भाड्याने राहत. पुरुष बांधकामावर, रिक्षावर, इस्त्रीच्या गाडीवर. बायका समोरच्या कोठ्यांत मोलकरणी. कोठीला गावातले श्रम हवे होते, गावातली माणसे नको होती. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही "केंद्र आणि परीघ" शिकलो. निठारीत केंद्र आणि परीघ यांच्यामध्ये फक्त एक नाला होता. ज्यांना गावकुसाबाहेरचा महारवाडा माहीत आहे त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

२००५ आणि २००६ या दोन वर्षांत या गल्ल्यांतून मुले नाहीशी होऊ लागली. बहुतेक मुली. कुणी खेळायला गेलेली, कुणी दुकानात, कुणी कामावर. आईबाप चौकीत जात. त्यांना काय सांगितले जाई हे त्यांनी नंतर पत्रकारांना, चौकशी समितीला, न्यायालयाला वारंवार सांगितले आहे. मुलगी पळून गेली असेल. नातेवाइकांकडे शोधा. तुमचीच मुले, तुम्हीच लक्ष ठेवत नाही. बऱ्याच जणांची तक्रार गुन्हा म्हणून नोंदलीच गेली नाही. नोंदली गेली तिथेही ती "हरवल्याची नोंद" राहिली. म्हणजे एक कागद, ज्याच्यावर तपास करण्याचे बंधन कुणालाच वाटत नव्हते.

एकाच गावातून, एकाच परिसरातून, एकापाठोपाठ एक मुले नाहीशी होत आहेत हे कळायला गुप्तहेर लागत नाही. कागदावर नावे, तारखा आणि ठिकाणे एकाखाली एक लिहिली असती तरी चित्र दिसले असते. पण ते लिहिणेच झाले नाही. नोंद नाही म्हणून साखळी दिसली नाही, साखळी दिसली नाही म्हणून पुढचे मूल वाचले नाही. पोलिसांची हयगय ही या प्रकरणात नंतर घडलेली चूक नव्हती. ती खुन्यांना मिळालेली मोकळीक होती.

नियम नव्हता, असे कुणी म्हणू नये

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या वेळी कायदा अपुरा होता, असे समर्थन केले जाते. ते खोटे आहे. होरीलाल विरुद्ध दिल्ली पोलीस आयुक्त या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००२ मध्येच हरवलेल्या अल्पवयीन मुलींच्या तपासाविषयी निर्देश दिले होते. फोटो प्रसिद्ध करा, शेजारीपाजारी आणि कामाच्या ठिकाणी चौकशी करा, तातडीने शोध घ्या. निठारीतली मुले नाहीशी होऊ लागली तेव्हा हा आदेश दोन-तीन वर्षांचा जुना झाला होता. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४ तर त्याच्याही कितीतरी आधीचे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती लिहून घ्यायची, इतके ते साधे होते.

आणि पोलिसांना तपास जमत नव्हता, असेही नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये त्याच नोएडातून एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतातील प्रमुखाच्या तीन वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले. सगळी यंत्रणा कामाला लागली, वाहिन्यांवर दिवसरात्र बातमी चालली आणि आठवड्याच्या आत ते मूल सुखरूप घरी आले. ते मूल परत आले याचा कुठल्याही माणसाला आनंदच होईल. प्रश्न त्या मुलाचा नाहीच. प्रश्न असा की जे पोलीस नोव्हेंबरात आठवड्याच्या आत मूल शोधू शकतात, त्याच पोलिसांना दोन वर्षांत निठारीच्या एकाही आईच्या दारात जाऊन विचारपूस का करता आली नाही? तेच शहर, तेच पोलीस, तोच कायदा. बदलला होता तो फक्त तक्रारदाराचा पत्ता.

निठारीच्या लोकांनी हीच तुलना त्या वेळी चौकात उभे राहून केली. देशातल्या पोलीस तपासावर झालेल्या सार्वजनिक टीकेच्या इतिहासात ती सर्वांत नेमकी टीका आहे असे मला वाटते. ती कुणा तज्ज्ञाने केली नाही. मुले गमावलेल्या मजुरांनी केली.

हात लोकांना सापडला, पोलिसांना नाही

मे २००६ मध्ये एक तरुणी कामासाठी म्हणून घरातून निघाली आणि परतली नाही. तिच्या वडिलांनी चौकीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी न्यायालयाचे दार ठोठावल्यावर ऑक्टोबर २००६ मध्ये गुन्हा नोंदला गेला, म्हणजे पाच महिन्यांनी. गुन्हा नोंदला गेल्यावर मग तिच्या मोबाईलचा माग काढला गेला आणि तो माग सेक्टर ३१ मधल्या डी-५ या कोठीपर्यंत गेला. पाच महिने जे "शक्य नव्हते", ते गुन्हा नोंदल्यावर काही आठवड्यांत शक्य झाले.

२९ डिसेंबर २००६. कोठीमागच्या नाल्यात मुलांचे अवशेष असल्याचा संशय असलेल्या गावकऱ्यांनी तिथल्या रहिवासी संघटनेच्या माजी अध्यक्षांना सोबत घेतले आणि स्वतः गाळ उपसायला सुरुवात केली. त्या गाळात एक हात सापडला. त्यानंतर पोलीस आले. त्यानंतर कवट्या, हाडे, लहान मुलांचे कपडे, चपला. बातमी पसरली तसे आजूबाजूच्या भागातूनही आईबाप आपापल्या हरवलेल्या मुलांचे फोटो हातात घेऊन निठारीत येऊ लागले. नाल्याच्या काठावर उभे राहून ते कपड्यांच्या ढिगातून ओळखीचा फ्रॉक शोधत होते. नोंद कुठल्याही ठाण्यात नव्हती, म्हणून नाल्याचा काठच त्यांचे पोलीस ठाणे झाला होता.

पुढचे दिवस संतापाचे होते. लोक आणि पोलीस यांच्यात झटापटी झाल्या. राज्यातील एका ज्येष्ठ मंत्र्याने ही जणू नेहमी घडणारी गोष्ट असल्यासारखे वक्तव्य केले आणि आगीत तेल ओतले. जानेवारी २००७ च्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकारने सहा पोलिसांना बडतर्फ केले आणि दोन पोलीस अधीक्षकांना निलंबित केले. तपास सीबीआयकडे गेला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने समिती नेमली आणि त्या समितीने पोलिसांच्या हयगयीवर बोट ठेवले.

निलंबन आणि बडतर्फी झाली. पण एक प्रश्न विचारा. हयगयीमुळे मुले गेली, हे सरकारनेच मान्य केले. मग या हयगयीबद्दल गुन्हा म्हणून कुणाला शिक्षा झाली? नोकरी जाणे ही खात्यातली गोष्ट आहे. आपल्या देशात पोलिसाची हयगय ही सेवापुस्तिकेतली नोंद असते, दंडसंहितेतली नव्हे. हाच या लेखाचा मुद्दा आहे.

न शोधणाऱ्यांनी मग कुणाला शोधले?

निठारीची गोष्ट इथे संपली असती तर तिला आपण पोलिसांचा निष्काळजीपणा म्हणून सोडून दिले असते. पुढचा भाग अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

कोठीचा मालक मोनिंदरसिंग पंढेर आणि त्याचा घरगडी सुरेंद्र कोली असे दोघे पकडले गेले. एकामागून एक खटले उभे राहिले, एकामागून एक फाशीच्या शिक्षा झाल्या. देशभर एकच मागणी होती, फाशी द्या. सप्टेंबर २०१४ मध्ये कोलीला मेरठच्या तुरुंगात फासावर चढवण्याची तयारी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्रीनंतर सुनावणी घेऊन ती थांबवली. पुढे २०१५ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे त्या एका खटल्यातली फाशी अलाहाबाद उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली.

मग १६ ऑक्टोबर २०२३ आला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने कोलीला बारा खटल्यांत आणि पंढेरला दोन खटल्यांत निर्दोष सोडले. न्यायालयाने तपासाची जी चिरफाड केली ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचली पाहिजे. सगळा खटला ज्या कबुलीजबाबावर उभा होता, तो आरोपीला साठ दिवस पोलीस कोठडीत ठेवल्यानंतर घेतलेला होता. त्याला वेळेत कायदेशीर मदत मिळाली नव्हती, वैद्यकीय तपासणीचे धड कागद नव्हते. अवशेष सापडल्याचे पंचनामे विश्वास ठेवण्यासारखे नव्हते. मंत्रालयाच्या समितीने अवयवांच्या व्यापाराची शक्यता तपासा असे सुचवले होते, ते केलेच गेले नव्हते. घरातल्या गरीब नोकराला राक्षस ठरवून सोपी वाट धरली गेली, असा या निकालाचा रोख होता. ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सुटकेविरुद्धची अपिले फेटाळली. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या नेतृत्वाखालील खंडपीठाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातही कोलीची क्युरेटिव्ह याचिका मान्य केली आणि त्याच्या सुटकेचा आदेश दिला.

म्हणजे हिशेब काय झाला? मुले गेली. त्यांना कुणी मारले, हे आज एकोणीस वर्षांनी कायद्याच्या दृष्टीने कुणालाच माहीत नाही. एक माणूस एकोणीस वर्षांच्या आसपास तुरुंगात राहिला, फासाच्या दोरापर्यंत जाऊन आला. आणि आईबापांच्या हातात पुन्हा तेच फोटो उरले.

काही मित्र म्हणतात, न्यायालयाने आरोपींना सोडले हा अन्याय झाला. आईबापांचे दुःख मी समजू शकतो. पण आपण संविधान मानणारी माणसे आहोत. मारून, दाबून घेतलेल्या कबुलीवर माणसाला फाशी देता येत नाही, हा नियम पंढेरांसाठी नाही, कोलींसाठी आहे. पारध्याच्या पालात मध्यरात्री घुसणाऱ्या पोलिसाला जो नियम अडवतो, तोच हा नियम. तो आपणच मोडायला सांगितला तर उद्या आपल्या पोरांवर कोण वाचवायला येणार आहे?

खरा अन्याय निकालात नाही. तो पहिल्या दिवशीच्या न झालेल्या नोंदीत आहे. पहिल्या दिवशी तक्रार लिहून घेतली असती, शेजाऱ्यांचे जबाब घेतले असते, शेवटचे कुठे दिसले ती जागा पाहिली असती, तर पुरावा ताजा असता. दोन वर्षे काहीच केले नाही म्हणून शेवटी हातात फक्त कबुलीजबाब उरला. ज्या यंत्रणेने गरिबाच्या मुलाला शोधले नाही, तिने मग गरिबाच्याच एका मुलाकडून कबुली घेतली. या दोन वेगळ्या चुका नाहीत. माणसाची किंमत त्याच्या पत्त्यावरून ठरवणारी एकच सवय दोन्ही ठिकाणी काम करत होती.

खैरलांजी त्याच वर्षीची

हे सगळे उत्तर प्रदेशात घडते, आपल्याकडे नाही, असे कुणाला वाटत असेल तर त्याने तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. निठारीचा नाला उपसला गेला तो डिसेंबर २००६. त्याच्या तीन महिने आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भैयालाल भोतमांगे यांच्या घरातली चार माणसे त्या रात्री "नव्हती". दुसऱ्या दिवसापासून कालव्यात मृतदेह सापडू लागले. पोलिसांनी वेळेत हालचाल केली नाही, सुरुवातीचा तपास आणि शवविच्छेदन नीट झाले नाही, हे आरोप तेव्हाच झाले आणि काही पोलीस निलंबितही झाले. राज्यभर आपली माणसे रस्त्यावर उतरली तेव्हा महिना उलटून गेला होता.

पुढे काय झाले? २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. अॅट्रॉसिटी कायद्याखाली मात्र कुणालाच दोषी ठरवले गेले नाही. जातीतून झालेल्या हत्याकांडातून जातच वजा झाली. भैयालाल २०१७ मध्ये गेले. तिथेही पहिल्या काही तासांतल्या आणि दिवसांतल्या हयगयीची सावली शेवटच्या निकालापर्यंत लांबत गेली.

बाबासाहेबांनी हयगय ओळखली होती

आपल्या चळवळीसाठी हा प्रश्न नवा नाही. पहिल्या गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना सादर केली. त्यात समान नागरिकत्व, भेदभावापासून संरक्षण, कायदेमंडळात आणि नोकऱ्यांत प्रतिनिधित्व या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. सहावी मागणी मात्र आपण विसरतो. ती होती, आमच्या हिताविरुद्ध केलेल्या कृतीविरुद्ध *किंवा आमच्या हिताकडे केलेल्या दुर्लक्षाविरुद्ध* दाद मागण्याचा हक्क.

त्या "किंवा"वर थोडे थांबा. बाबासाहेबांनी अन्यायाचे दोन प्रकार एकाच ओळीत, एकाच वजनाने मांडले. एक, सत्तेने तुमच्यावर हात उगारणे. दुसरा, सत्तेने तुमच्यासाठी हातच न हलवणे. पहिला अन्याय दिसतो, त्याचा फोटो निघतो, त्यावर मोर्चा निघतो. दुसरा दिसत नाही, कारण तो घडत नाही, तो *न घडण्यातून* होतो. न लिहिलेली तक्रार, न केलेला पंचनामा, न पाहिलेला सीसीटीव्ही. जातिव्यवस्था शतकानुशतके मारहाणीवर जेवढी टिकली, तेवढीच या दुर्लक्षावर टिकली.

हीच जाणीव १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये उतरली. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कारावास. २०१५ च्या दुरुस्तीने ही कर्तव्ये एकेक करून लिहिली. तोंडी तक्रार लिहून वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, प्रत देणे, साठ दिवसांत तपास करून आरोपपत्र दाखल करणे. या देशात हयगयीला गुन्हा म्हणणारे जे मोजके कायदे आहेत त्यात हे कलम आपल्या लढ्यातून आलेले आहे, याचा अभिमान बाळगा.

पण त्याच्या फटीही माहीत असू द्या. एक, प्रशासकीय चौकशीची शिफारस असल्याशिवाय त्या लोकसेवकावर आरोप ठेवता येत नाही. म्हणजे खात्याविरुद्धची किल्ली खात्याच्याच हातात. दोन, हरवलेल्या माणसाच्या प्रकरणात सुरुवातीला आरोपीच माहीत नसतो, मग त्याची जात कुठून माहीत असणार? त्यामुळे अॅट्रॉसिटी लागत नाही आणि ती लागत नाही म्हणून कलम ४ सुद्धा लागत नाही. आपली मुलगी हरवली त्या रात्री आपला सर्वांत धारदार कायदा म्यानातच राहतो.

आईबापांनी मिळवलेला कायदा

मग हातात काय आहे? जे आहे तेही हरवलेल्या मुलांच्या आईबापांनीच मिळवले आहे.

निठारीनंतर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने पी. सी. शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशात दरवर्षी सरासरी ४४ हजार मुले हरवल्याची नोंद होते आणि त्यातली ११ हजारांच्या आसपास सापडतच नाहीत, हा आकडा तिच्या अहवालामुळे चर्चेत आला. हे आकडे *नोंद झालेल्या* मुलांचे आहेत, हे विसरू नका. निठारीतली कितीतरी मुले अशा आकड्यांत आलीच नसती.

१० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असे गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. "पळून गेली असेल" हे गृहीतक त्या दिवशी कायद्याने उलटे केले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे असा निकाल दिला. ते प्रकरणही उत्तर प्रदेशातल्या एका बेपत्ता मुलीचे. तिच्या बापाची तक्रार लिहून घेतली नाही म्हणून तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आता दुसरी बाजू. २०१३ मध्येच भारतीय दंडसंहितेत कलम १६६अ आले, आज ते न्यायसंहितेचे कलम १९९ आहे. महिलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी. बलात्कार, अॅसिड हल्ला, तस्करी ही कलमे त्या यादीत आहेत. साध्या अपहरणाचे कलम त्या यादीत नाही. म्हणजे हरवलेल्या मुलीची तक्रार नाकारणारा पोलीस त्या रात्री तरी या यादीबाहेरच राहतो. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची वाट उघडली आहे. ललिता कुमारीच्या बापाने बंद केलेली खिडकी पुन्हा किलकिली झाली आहे. त्यावर आपल्याकडे किती सभा झाल्या? किती निवेदने दिली गेली?

मित्रांनो, आपल्यालाही एक प्रश्न

टीका फक्त पोलिसांवर करून हा लेख संपवता येईल, पण ते प्रामाणिक होणार नाही. आपण कधी रस्त्यावर येतो? मृतदेह सापडल्यावर. आपली घोषणा काय असते? फाशी द्या. निठारीत देशाने हीच घोषणा एकोणीस वर्षे दिली आणि शेवटी हातात काहीच आले नाही. फाशीची मागणी सरकारला सोयीची असते. एक चेहरा पुढे करायचा, त्याच्यावर सगळा राग काढून घ्यायचा, आणि चौकीतले रजिस्टर तसेच बंद ठेवायचे.

माझे म्हणणे आहे की आपली मागणी बदलली पाहिजे. मोर्चाच्या पहिल्या फलकावर हा प्रश्न असावा : *तक्रार किती वाजता आली, गुन्हा किती वाजता नोंदला, मधल्या वेळात कोण ड्युटीवर होते?* या तीन गोष्टी कागदावर आल्या की हयगयीला नाव मिळते. नाव मिळाले की तिच्यावर खटला मागता येतो.

त्यासाठी प्रत्येक वस्तीतल्या निदान दोन तरुणांना हे पाठ हवे. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. अल्पवयीन असेल तर फक्त "मिसिंग" नव्हे, अपहरणाचा गुन्हा. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. नकार दिला तर त्याच रात्री पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयाला लेखी कळवा आणि तरीही हालले नाहीत तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. ठाण्यात गेल्याची वेळ, बोललेल्या माणसाच्या छातीवरच्या पाटीवरचे नाव, तो काय म्हणाला ते शब्द, हे सगळे वहीत लिहा. आपल्या विहारात वर्षावासात ग्रंथवाचन चालते. त्यातली एक संध्याकाळ या वहीसाठी द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे. वस्तीतली मुलगी हरवली तर आधी आपल्याच तोंडून "कुणाबरोबर गेली असेल" हे वाक्य निघत नाही ना, ते पाहा. त्या रात्री अंमलदाराने जे म्हटले तेच आमच्या गल्लीतल्या दोन माणसांनी त्याच्या आधी तासभर म्हटले होते. पोलीस ठाण्यातली मनुस्मृती आपण लगेच ओळखतो, ओट्यावरची ओळखत नाही. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर ती स्वतःहून गेली की नेली गेली, हा प्रश्न नंतरचा. आधी ती सापडली पाहिजे.

त्या ताईला मी आता उत्तर देऊ शकतो. नाही ताई, आम्ही नसतो तर त्यांनी बहुतेक लिहून घेतले नसते. म्हणून आम्ही असलो पाहिजे, आणि एक दिवस असा आणला पाहिजे की तू एकटी, ओल्या पदराने, रात्री दहा वाजता गेलीस तरी समोरच्याला पेन उचलावाच लागेल. कोठीतल्या साहेबाच्या मुलासाठी उचलला जातो तितक्याच तातडीने.

एक व्यक्ती, एक मूल्य म्हणतात ते यालाच.

जयभीम! जय संविधान!